सॉल्टबॉक्स घराची मागील उतरण : सॉगस येथील बोर्डमन गृहाचा कालनिर्णय आणि जतन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मॅसॅच्युसेट्स या संस्थानात, बॉस्टनपासून थोड्या मैलांवर, सॉगस नावाचे गाव आहे. सतराव्या शतकात या गावाचा प्रदेश मुख्यतः लिन या वसाहतीत मोडत असे. सॉगसला स्वतंत्र अस्तित्व लाभले ते १८१५ साली. या गावात काळवंडलेल्या फळ्यांचे एक लाकडी घर उभे आहे. ते समोरून पाहिले असता दुमजली दिसते, मागून पाहिले असता एकमजली दिसते, आणि बाजूने पाहिले असता छपराचे पुढील पाखे आखूड व मागील पाखे लांबलचक, जमिनीकडे ओढल्यासारखे दिसते. या घराला बोर्डमन गृह म्हणतात. त्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी सुमारे चाळीस वर्षांच्या अंतराचे दोन वेगवेगळे काळ त्याला दिले, आणि या कालनिर्णयाच्या वादातूनच जुन्या वास्तूचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन, हा प्रश्न पुढे आला. तो प्रश्न समजण्यासाठी प्रथम घराच्या आकाराकडे वळले पाहिजे.

न्यू इंग्लंडमध्ये अशा आकाराच्या घराला ‘सॉल्टबॉक्स’, म्हणजे मिठाची पेटी, असे नाव आहे. स्वयंपाकाच्या चुलीजवळ भिंतीला टांगून ठेवावयाची, तिरक्या झाकणाची लाकडी पेटी त्या लोकांच्या घरोघरी असे. तिच्या आकाराशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले. परंतु ज्यांनी ही घरे बांधली त्यांच्या तोंडी हे नाव नव्हते. सतराव्या शतकातील मिळकतीच्या याद्यांत घराच्या मागील भागास ‘लीन-टू’, म्हणजे टेकलेले, असा शब्द येतो. कोकणातील घर ज्याने पाहिले आहे त्याला या शब्दाचा अर्थ निराळा सांगावयास नको. मूळ घराचे पाखे खाली ओढून त्याच्या आश्रयाने जी पडवी काढतात, तीच ही रचना होय. प्रस्तुत लेखात यापुढे पडवी हाच शब्द वापरला आहे. भेद इतकाच की, कोकणातील पडवी बहुधा उघडी किंवा अर्धउघडी असते व पावसाला अडविते. न्यू इंग्लंडमधील पडवी पूर्ण बंदिस्त असून तिच्यात चूल पेटत असे.

या आकाराविषयी एक लोकप्रिय समजूत अशी आहे की, इंग्लंडच्या ॲन राणीच्या काळात दुमजली घरांवर कर बसविण्यात आला, आणि तो चुकविण्यासाठी वसाहतवाल्यांनी मागील बाजू एकमजली ठेवण्याची युक्ती काढली. ही कथा पर्यटकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून इतकी फिरली आहे की ती खरीच असावी असे वाटू लागते. पण ॲन राणी गादीवर आली १७०२ साली, आणि पडवीची घरे त्यापूर्वीच न्यू इंग्लंडमध्ये उभी होती. शिवाय इंग्लंडच्या ग्रामीण भागातही मागे उतरते छप्पर काढण्याची प्रथा जुनीच होती. वसाहतीत आलेल्या सुतारांनी ती आपल्याबरोबर आणली. ज्या देशाने पुढे करांच्या प्रश्नावर राज्यक्रांती केली, त्या देशात घराच्या छपरालाही करविरोधाचा वारसा चिकटावा, यात नवल नाही.

खरे कारण अधिक साधे व घरगुती आहे. सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडच्या सामान्य सुस्थित कुटुंबाचे घर म्हणजे मध्यभागी विटांचे प्रचंड धुरांडे व त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक खोली, वर पुन्हा तशाच दोन खोल्या, अशी रचना असे. दार उघडले की समोर धुरांड्याला लागून वळणाचा अरुंद जिना. एका बाजूची खोली ‘हॉल’. तीत स्वयंपाक, जेवण, सूतकताई, सर्व काही चाले. दुसऱ्या बाजूची ‘पार्लर’. तीत घरधन्याचा पलंग आणि उत्तम सामान. कुटुंब वाढले व घरात वस्तू वाढल्या की या दोन खोल्या अपुऱ्या पडत. तेव्हा मागील भिंतीला पडवी टेकवून तिच्यात मध्यभागी स्वयंपाकघर काढीत. त्याच्या चुलीचा धूर जुन्याच धुरांड्याला जोडता येई. पडवीच्या एका टोकाला दूधदुभत्याची थंड खोली व दुसऱ्या टोकाला झोपण्याची लहान खोली निघे. घराचे तोंड शक्य तेथे दक्षिणेकडे ठेवीत, त्यामुळे पडवी उत्तरेला पडे, आणि हिवाळ्यातील उत्तरेचे वारे तिच्या लांब छपरावरून घसरून जात. हा लाभ खराच. तथापि स्वयंपाक हॉलमधून निघून मागे गेला, ही गोष्ट समाजेतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. जेथे एकाच चुलीभोवती सर्व व्यवहार होत तेथे काम करण्याची जागा आणि बसण्या-उठण्याची जागा निराळी होऊ लागली. क्विन्सी येथील जॉन ॲडम्स व जॉन क्विन्सी ॲडम्स या दोन राष्ट्राध्यक्षांची जन्मगृहेही याच आकाराची आहेत. पुढे अठराव्या शतकात पडवीसह संपूर्ण घर एकाच वेळी बांधण्याची पद्धती पडली, आणि जी सोय होती तिला रूढ आकाराचे स्वरूप आले.

पडवी मागाहून जोडली की मुळातच होती, हे अभ्यासकाला घरच सांगते. मागाहून जोडलेली असेल तर बाजूच्या भिंतीवर सांधा दिसतो. पडवीचे वासे मूळ घराच्या मागील भिंतीवरील आडव्या लाकडावर येऊन टेकतात. मूळ छपराची उतरण व पडवीची उतरण यांत किंचित फरक राहतो. काही घरांत तर पडवीच्या माळ्यावर चढले असता मूळ घराच्या मागील भिंतीचे बाहेरचे अंग, त्यावरील जुन्या फळ्यांसकट, आतल्या बाजूस बंदिस्त झालेले आढळते. अशा फळ्यांनी पडवी होण्यापूर्वीचे काही हिवाळे तेवढे सोसलेले असतात, आणि नंतर शतकानुशतके त्यांना ऊन-पाऊस लागलेला नसतो. उघड्या अंगावरील फळ्या अनेकदा बदलल्या जात असल्यामुळे, मूळ घराविषयीचा उत्तम पुरावा पुष्कळदा त्याला मागाहून चिकटलेल्या भागानेच सांभाळून ठेवलेला असतो.

बोर्डमन गृहाचा पहिला इतिहास मात्र घराच्या लाकडावरून लिहिला गेला नाही. तो शेजारच्या लोखंडाच्या कारखान्यावरून लिहिला गेला. सॉगस नदीच्या काठी ‘हॅमरस्मिथ’ नावाचा लोखंडाचा कारखाना १६४६ च्या सुमारास सुरू झाला. उत्तर अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींत भट्टीपासून घडाईपर्यंतची सर्व कामे यशस्वीपणे चालविणारा हा पहिला कारखाना होय. तेथे कुशल कामगारांची सदैव टंचाई असे. १६५० च्या सप्टेंबरात क्रॉमवेलने डनबारच्या लढाईत स्कॉटिश सैन्याचा पराभव केला, हजारो कैदी पकडले, आणि त्यांपैकी सुमारे दीडशे जणांना ‘युनिटी’ या जहाजातून मॅसॅच्युसेट्सला पाठविण्यात आले. तेथे त्यांची मुदतबंदीच्या चाकरीवर विक्री झाली, आणि त्यांतील काही जण हॅमरस्मिथच्या भट्ट्यांवर व जंगलतोडीवर आले. हा सर्व इतिहास खरा आहे. या स्कॉट मजुरांचे निवासस्थान म्हणजेच आजचे बोर्डमन गृह, व ते १६५१ साली बांधले गेले, असे पुढील काळात मानले जाऊ लागले. घराला ‘स्कॉच हाऊस’ हे नाव पडले, आणि ते विसाव्या शतकातही कितीतरी वर्षे टिकून राहिले.

ही परंपरा कशी रूढ झाली असेल याची कल्पना करणे अवघड नाही. गावात एक फार जुने घर होते आणि एक फार जुनी हकीकत होती. दोहोंची गाठ कोणीतरी मारून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८७६ साली स्वातंत्र्याची शताब्दी साजरी झाल्यावर, न्यू इंग्लंडमधील प्रत्येक गाव आपले सर्वांत जुने घर शोधू लागले होते. अशा शोधात घराचे वय क्वचितच कमी निघते.

१९१४ साली हे घर ‘सोसायटी फॉर द प्रिझर्वेशन ऑफ न्यू इंग्लंड अँटिक्विटीज’ या संस्थेने विकत घेतले. ही संस्था विल्यम समनर ॲपल्टन (१८७४–१९४७) यांनी १९१० साली बॉस्टन येथे स्थापन केली होती. २००४ पासून ती ‘हिस्टॉरिक न्यू इंग्लंड’ या नावाने ओळखली जाते. संस्थेच्या स्थापनेमागे अनेक अपयशांची स्मृती होती. डिअरफील्ड येथील, १७०४ च्या हल्ल्यातून वाचलेले जुने घर वाचविण्याचा प्रयत्न फसून ते १८४८ साली पाडले गेले व त्याचे कुऱ्हाडीचे घाव सोसलेले दार तेवढे शिल्लक राहिले. बॉस्टनमधील जॉन हॅनकॉक यांचा दगडी वाडा १८६३ साली जमीनदोस्त झाला. तोपर्यंत अमेरिकेत वास्तूंचे जतन होत असे ते बहुधा थोर पुरुषांच्या निवासस्थानांचे. वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे त्याचे ठळक उदाहरण. ॲपल्टन यांनी ज्या घरात कोणीही थोर पुरुष जन्मला अथवा निजला नव्हता असे घर केवळ त्याच्या रचनेसाठी विकत घेतले, हे त्या काळी नवे होते.

याहून नवे होते ते पुढे. घर ताब्यात आल्यावर ॲपल्टन यांनी त्याचा जीर्णोद्धार केला नाही. दुरुस्ती करविली, पाणी अडविले, आधार दिले. परंतु घराला त्याचे ‘मूळ’ रूप परत देण्याचा मोह त्यांनी टाळला. या संयमामागे अनुभव होता. बॉस्टनमधील पॉल रिव्हीअर यांचे घर वाचविण्याच्या खटपटीत ते प्रमुख कार्यकर्ते होते. १६८० च्या सुमारास बांधलेल्या त्या घराचा वास्तुशिल्पज्ञ जोसेफ चँडलर यांनी १९०७–०८ साली जीर्णोद्धार केला, तेव्हा अठराव्या शतकात चढविलेला तिसरा मजला काढून टाकून त्याला सतराव्या शतकातील रूप देण्यात आले. रिव्हीअर यांनी ते घर घेतले १७७० साली, आणि त्या वेळी तो तिसरा मजला घरावर होता. म्हणजे ज्या पुरुषाच्या नावाने घर वाचले, त्याने ते त्या रूपात कधी पाहिलेच नव्हते. इंग्लंडमध्ये रस्किनने १८४९ साली जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणाऱ्या विध्वंसावर टीका केली होती, आणि १८७७ साली विल्यम मॉरिस यांनी तिच्याच आधारे प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था काढली होती. ॲपल्टन यांचा विचार त्याच दिशेचा होता. आज जे राहू दिले ते उद्या बदलता येईल, परंतु आज जे काढले ते पुन्हा बसविता येईलच असे नाही, असे त्यांचे सांगणे असे. प्रत्येक घराची छायाचित्रे घेणे, कामात काय सापडले व काय बदलले याची नोंद ठेवणे, यावर त्यांचा कटाक्ष होता.

या धोरणाचे मोल सॉगस गावातच, जवळच्या दुसऱ्या घराशी तुलना केली असता ध्यानात येते. कारखान्याच्या जागेशेजारील ‘आयर्न वर्क्स हाऊस’ हे घर १९१५ साली वॉलेस नटिंग यांनी विकत घेतले. नटिंग हे पूर्वाश्रमीचे धर्मोपदेशक. पुढे हाताने रंगविलेल्या छायाचित्रांच्या व्यवसायात त्यांनी मोठे नाव मिळविले. त्यांना हे घर कारखान्याच्या आरंभकाळचे, १६४६ च्या सुमारचे वाटले. त्यांनी त्याला ‘ब्रॉडहार्थ’ असे नाव दिले, दर्शनी छपरावर त्रिकोणी शिखरे उभारली, शिशाच्या पट्ट्यांत बसविलेल्या लहान काचांच्या खिडक्या केल्या, आणि आपल्या छायाचित्रांची पार्श्वभूमी म्हणून त्याचा उपयोग केला. नटिंग यांना जुन्या वस्तूंची पारख नव्हती असे नाही. सतराव्या शतकातील लाकूडसामानाचे त्यांचे ज्ञान मोठे होते. परंतु त्यांनी जे घर उभे केले ते पाहताना कोणते लाकूड १६०० नंतरचे व कोणते १९०० नंतरचे हे प्रेक्षकाला सहज उमगत नाही. पुढील संशोधनाने हे घर १६८० च्या दशकातील ठरविले.

बोर्डमन गृहाचीही तीच गत झाली. जमिनीच्या व कुटुंबाच्या कागदपत्रांचा अभ्यास होऊ लागला तेव्हा हे घर विल्यम बोर्डमन याने स्वतःसाठी बांधले असल्याचे दिसून आले, आणि त्याचा काळ १६८७ च्या सुमारास ठेवण्यात आला. सतराव्या शतकातील लाकडी चौकटींच्या अभ्यासात ॲबट लोवेल कमिंग्ज यांचे १९७९ चे ‘द फ्रेम्ड हाऊसेस ऑफ मॅसॅच्युसेट्स बे’ हे पुस्तक प्रमाण मानले जाते. तुळयांच्या कडा तासण्याची धाटणी, जोडांचे प्रकार व मिळकतीच्या याद्या एकमेकांशी पडताळून घरांचा क्रम लावण्याची त्याची पद्धती पुढील सर्व अभ्यासाला आधारभूत ठरली. त्यानंतर वृक्षवलयांवरून कालमापन करण्याची पद्धती या घरांना लावण्यात आली. पोकळ गिरमिटाने तुळईतून बोटाएवढ्या जाडीचा नमुना काढतात, त्यातील वलयांच्या रुंदीचा क्रम त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवितात, आणि सालीखालचे शेवटचे वलय शिल्लक असल्यास झाड कोणत्या हंगामात तोडले तेही सांगता येते. त्या काळचे सुतार ओकचे लाकूड ओले असतानाच घडवीत असत, कारण वाळलेला ओक हत्यारांना दाद देत नाही. ओल्या लाकडात कूस व खाच कापून, आरपार खुंटी ठोकून चौकट उभी केली की पुढे ती आपोआप आवळत जाते. म्हणून झाड तोडल्याचा काळ आणि घर उभारल्याचा काळ यांत सहसा एक-दोन वर्षांहून अधिक अंतर पडत नाही, मात्र लाकूड दुसऱ्या इमारतीतून आणलेले नसावे. या परीक्षेत बोर्डमन गृहाचे वर्ष १६९२ निघाले.

हॅमरस्मिथचा कारखाना १६७० च्या सुमारास बंद पडला होता. म्हणजे घर उभे राहिले तेव्हा कारखान्याच्या भट्ट्या विझून वीस वर्षे होऊन गेली होती, आणि डनबारच्या कैद्यांची चाकरीची मुदत तर त्याच्याही फार आधी संपली होती. ‘स्कॉच हाऊस’ची कथा येथे निकालात निघाली.

तथापि लोकपरंपरा सर्वत्र खोटीच ठरते, असा याचा अर्थ करणे घाईचे होईल. डेडहॅम येथील फेअरबँक्स गृह, ज्याच्याही मागे पडवीचे लांब पाखे आहे, १६३६ च्या सुमारचे आहे असे त्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्याच्या लाकडांची परीक्षा झाली तेव्हा ती १६३७ ते १६४१ या काळातील निघाली, आणि उत्तर अमेरिकेत उभ्या असलेल्या लाकडी चौकटीच्या घरांत ते सर्वांत जुने ठरले. तेथे कुटुंब एकच राहिले व घर १९०४ पर्यंत वसलेले होते; स्मृतीला धरून राहण्यास जागा मिळाली. सॉगसला स्मृती एका घराची होती आणि ती दुसऱ्या घरावर जाऊन बसली.

दुरुस्त झालेल्या कालनिर्णयाने एक हानीही झाली, तिची नोंद क्वचितच होते. युद्धकैदी म्हणून समुद्रापार आणलेल्या व विकल्या गेलेल्या मजुरांची आठवण ज्या एका वास्तूने, चुकीने का होईना, लोकांपुढे ठेवली होती, ती वास्तू आता एका जमीनधारक शेतकरी कुटुंबाची झाली. न्यू इंग्लंडमध्ये जतन झालेली सतराव्या शतकातील घरे जवळजवळ सर्वच स्थिरावलेल्या कुटुंबांची आहेत, कारण टिकण्याजोगे बांधणे त्यांनाच परवडत होते. त्यातून जतनाची चळवळ चालविणारे लोकही बॉस्टनच्या जुन्या घराण्यांतील होते. पॉल रिव्हीअर यांचे घर जेथे आहे त्या वस्तीत त्या काळी इटालियन स्थलांतरितांची दाटी झाली होती, आणि जुनी घरे राखण्याच्या उत्साहात आपल्या पूर्वजांचा देश परक्यांच्या हाती जात असल्याची धास्तीही मिसळलेली होती. ॲपल्टन यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही बाजू डोळ्याआड करता येत नाही.

आता पडवीचा प्रश्न. बोर्डमन गृहाची पडवी मूळ बांधणीतील नव्हे. ती मागाहून जोडलेली आहे. १९१४ साली घर जीर्णोद्धाराच्या हाती गेले असते, तर मूळ शुद्ध रूपाच्या आग्रहाने ती पाडून टाकण्याचा सल्ला कोणीही दिला असता, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे तो सल्ला विद्वत्तेचा ठरला असता. १६५१ च्या घराला पुढे केव्हातरी चिकटलेली भर, एवढेच तिचे स्थान होते. परंतु ही पडवी १६९६ पर्यंत उभी झाली होती, हे आता मान्य झाले आहे. घर १६९२ चे, पडवी त्यानंतर चार वर्षांच्या आतली. ज्याला मूळ रूप म्हणावयाचे ते घराच्या तीन शतकांहून अधिक आयुष्यापैकी चार वर्षेसुद्धा टिकले नाही. चुकीच्या वर्षावर भरवसा ठेवून पडवी उतरविली असती, तर तिच्याबरोबर तिचे सांधे, तिने आच्छादिलेली भिंत आणि ती केव्हा झाली हे ठरविण्याचे साधन, सर्वच नाहीसे झाले असते. चूक दुरुस्त होण्याचा मार्गच उरला नसता.

पुढील काळात सॉगसला आणखी एक प्रयोग झाला. रोलंड रॉबिन्स यांनी १९४८ ते १९५३ या काळात हॅमरस्मिथच्या जागेचे उत्खनन केले. त्या आधारे, पोलाद उद्योगाच्या आर्थिक साह्याने, भट्टी, घडाईखाना व पाणचक्क्या नव्याने बांधून १९५४ साली सारा कारखाना लोकांना खुला करण्यात आला. १९६८ पासून तो राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. तेथे फिरणारी चाके पाहून लोखंड कसे होत असे हे शाळकरी मुलालाही समजते, आणि त्या दृष्टीने त्याची उपयुक्तता कमी लेखण्याचे कारण नाही. पण जमिनीवर दिसणारा कारखाना हा रॉबिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांना १९५४ पर्यंत जे कळले त्याचा आराखडा आहे, आणि त्याला नवे प्रश्न विचारावयाचे असल्यास पुन्हा उत्खननातील वस्तू व टिपणांकडेच जावे लागते.

बोर्डमन गृहाला १९६१ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. खोल्यांची मूळ मांडणी, भिंतींच्या आतील फळ्यांचे अस्तर, जुना जिना व मागील पडवी तेथे कायम आहेत. घर ‘स्कॉच हाऊस’ म्हणून घेतले गेले होते, तरी ज्या तुळयांनी ते नाव खोडून काढले त्या १९१४ साली जेथे होत्या तेथेच आहेत.